बीओएम आपोआप येते, पण कशाची?

डिझाइनवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या बीओएमबद्दल (बिल ऑफ मटेरियल्स, म्हणजे मशीनला लागणाऱ्या वस्तूंची नगांसह यादी) एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘थ्रीडी मॉडेल झालं की बीओएम एका क्लिकवर तयार. नग सॉफ्टवेअर मोजतं, म्हणून चूक शक्यच नाही. मॉडेल बदललं की यादीही बदलते. एक्सेलमध्ये काढा, परचेसला पाठवा, विषय संपला.’ मी भोसरीत फिक्श्चर (काम करताना पार्ट घट्ट धरून ठेवणारी साधनं) आणि एसपीएमची (एका ठरावीक कामासाठी बनवलेल्या खास मशीनची) डिझाइनं करतो. हा मेसेज आमच्या नव्या पोरांनी मला तीनदा पाठवला, म्हणून हे उत्तर.

‘नग सॉफ्टवेअर मोजतं.’ मोजतं ना. पण ते मॉडेलमधले नग मोजतं, मशीनमधले नाही, आणि सगळी गंमत इथेच आहे. फिक्श्चर डिझाइन करताना गिऱ्हाइकाचा जॉब (ज्यावर काम करायचं तो पार्ट) असेंब्लीत ठेवावाच लागतो, नाहीतर क्लॅम्प कुठे बसवणार? सॉलिडवर्क्स या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये त्या जॉबला एन्व्हलप (फक्त संदर्भाचा भाग) करायचं किंवा बीओएममधून वगळायचं, इन्व्हेंटर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं स्ट्रक्चर रेफरन्स ठेवायचं. एकदा आमच्याकडे हे राहून गेलं. दोन दिवसांनी परचेसच्या मॅडम ड्रॉइंग घेऊन आल्या, “सर, हे कास्टिंग कुठे मिळतं? तीन पार्ट्यांना विचारलं, कोणीच कोटेशन देत नाही.” कसं देतील? ते गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या फाउंड्रीतलं कास्टिंग होतं. तसंच, स्विंग क्लॅम्प उघडल्यावर कुठवर येतो हे दाखवायला एकाने चारही क्लॅम्प दुसऱ्या पोझिशनमध्ये पुन्हा टाकले होते. यादीत आठ. सॉफ्टवेअरचं काहीच चुकलं नव्हतं, त्याला दिसले आठ, त्याने मोजले आठ.

उलटी बाजू याहून वाईट. ग्रीस, थ्रेड लॉकर, रंग, हवेची पीयू ट्यूब, केबल टाय यांचं मॉडेल कोण करत बसतं? मॉडेल नाही म्हणजे यादीत ओळ नाही. सॉलिडवर्क्समध्ये अशा वस्तूंसाठी नुसत्या नावाचा व्हर्च्युअल कंपोनंट टाकता येतो, इन्व्हेंटरमध्येही तशी सोय आहे. पण तो आपण टाकायचा असतो, क्लिक टाकत नाही.

आता विकत आणलेल्या वस्तू घ्या. गिअर मोटरचं स्टेप मॉडेल (तयार थ्रीडी फाइल) उत्पादकाच्या साइटवरून उतरवलं, तर कधीकधी आत बेअरिंग, ऑइल सील, सर्क्लिप सगळं सुटं असतं. ‘पार्ट्स ओन्ली’ (फक्त सुटे पार्ट दाखवणारी) बीओएम काढली की एका मोटरच्या पन्नास ओळी! इन्व्हेंटरमध्ये स्ट्रक्चर ‘पर्चेस्ड’ केलं, किंवा सॉलिडवर्क्समध्ये त्या असेंब्लीतले सुटे भाग यादीत लपवले, की एकच ओळ येते. वेल्ड केलेली फ्रेम एक नग धरायची की तिच्या नळ्या सुट्या मोजायच्या, हाही निर्णयच आहे. स्टोअरला नळ्या हव्यात, असेंब्लीवाल्याला फ्रेम हवी. एकाच मॉडेलच्या दोन याद्या, दोन्ही बरोबर.

नळ्यांवरून आठवलं. २,१०० मिमीचे ५ तुकडे म्हणजे एकूण १०.५ मीटर. नळी ६ मीटरची येते, म्हणजे २ पुरतील, असं यादी बघून कोणालाही वाटेल. पण एका नळीतून २,१०० चे दोनच तुकडे निघतात, १,८०० उरतो. म्हणजे नळ्या लागतात ३. कट-लिस्टने (कापायच्या तुकड्यांच्या यादीने) लांबी अचूक दिली होती, पण नळ्या किती मागवायच्या हे तिने सांगितलंच नव्हतं.

‘मॉडेल बदललं की यादी बदलते.’ ड्रॉइंगवरची बदलते, पण लिंक शाबूत असेल तरच. सॉलिडवर्क्सच्या बीओएममध्ये रकान्यावर डबल-क्लिक केलं की ते विचारतं, लिंक ठेवू की तोडू? घाईत माणूस ‘तोड’ म्हणतो, नगाचा आकडा हाताने लिहितो, आणि तो आकडा तिथेच गोठतो. नंतर मॉडेलमध्ये सहाचे दहा बोल्ट झाले तरी यादी सहावरच अडून बसते. वर्णनाचंही तेच. २५ मिमीच्या प्लेटची फाइल सेव्ह-अ‍ॅज करून ३२ ची केली, पण प्रॉपर्टीत हाताने लिहिलेलं ‘बेस प्लेट २५ जाड’ तसंच राहिलं. माप बदललं म्हणून मजकूर बदलत नाही, त्याला मापाशी जोडावं लागतं.

एम ८ चे २५ आणि ४० लांबीचे बोल्ट एकाच फाइलच्या दोन कॉन्फिगरेशनमध्ये (एकाच मॉडेलच्या वेगळ्या मापांच्या रूपांत) असतील, तर ते वेगळ्या ओळींत दाखवायचे की एकाच ओळीत हे ठरवणारा पर्याय असतो. तो चुकला की दोन्ही लांब्यांच्या नगांची बेरीज होऊन एक ओळ उरते. डाव्या-उजव्या ब्रॅकेटचीही हीच गत.

‘एक्सेलमध्ये काढा.’ सावकाश. पार्ट नंबर ००१२५ असेल तर उघडताना एक्सेल त्याचा १२५ करू शकतं. १२ई३ (12E3) असा कोड असेल तर तो त्याला १२ गुणिले १,०००, म्हणजे बारा हजार वाटतो, १२-१० ची तर थेट तारीख होते. ही फक्त आपल्या एमआयडीसीची रड नाही. एक्सेल जनुकांच्या नावांच्या तारखा करतं म्हणून मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये नावंच बदलल्याचं जाहीर केलं, ‘मार्च १’ चं ‘मार्चएफ १’ झालं. शास्त्रज्ञ हरले, एक्सेल जिंकलं! आपल्याला इतकं करायची गरज नाही, तो रकाना आधी टेक्स्ट करून घ्या.

मेसेजमधलं एक मला मान्य आहे. हाताने बलून (ड्रॉइंगवरचे पार्टच्या नंबरांचे गोल) मोजत बसण्यापेक्षा हे शंभरपट बरं. मी ड्रॉइंग बोर्डवर शिकलो, जुन्या दिवसांची मला अजिबात आठवण येत नाही.

आमच्याकडे आता रिलीजच्या आधी यादीची प्रिंट स्टोअरच्या काकांपुढे ठेवतो. त्यांना सॉफ्टवेअर येत नाही. मागच्या आठवड्यात त्यांनी बोट फिरवत फिरवत मध्येच थांबवलं, “एलन बोल्ट २४ आहेत, मग स्प्रिंग वॉशर १८ च कसे?” बघितलं तर सहा वॉशर मॉडेलमध्ये सप्रेस केलेले, म्हणजे तात्पुरते बंद करून ठेवलेले होते.