टॉवेलवाल्या मालकांना उत्तर : फोटो उडवले, मग जागा तेवढीच कशी?

मालक, नमस्कार.

'होस्टिंगची जागा भरली? आधी फोटो आवरा' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा लाज वाटली. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मालकांचा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे आणि पाच जीबीच्या होस्टिंगवर, म्हणजे सर्व्हरवरच्या भाड्याच्या जागेवर, वर्डप्रेस या सॉफ्टवेअरने बनवलेली वेबसाइट आहे. माझा लेख वाचून त्यांनी दोन रात्री जागून, सीपॅनेल या होस्टिंग सांभाळायच्या पानावरच्या फाइल मॅनेजरमध्ये आकाराप्रमाणे लावून, वरचे मोठे मोठे ६१२ फोटो उडवले. तरी सीपॅनेलवरचा वापरलेल्या जागेचा ४.८ जीबीचा आकडा जागचा हलला नाही. वर उडवलेले फोटो वेबसाइटवर अजून दिसतायत. पुण्याच्या भाच्याने टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करून, मोजलं, तर बेरीज आली २.६ जीबी. मधल्या मध्ये मेलबॉक्स तुंबला आणि हैदराबादच्या व्यापाऱ्याची ऑर्डर परत गेली. शेवटी मालक विचारतात, 'होस्टिंगवाला खोटं बोलतोय की तुम्ही? का मोठा प्लॅन विकायचं कमिशन आहे?'

कमिशनचं आधी मिटवू. ते असतं तर 'मोठा प्लॅन घ्या' एवढ्या तीन शब्दांत मोकळा झालो असतो, दुकान बंद करून रात्री हे लिहीत बसलो नसतो.

चूक मात्र माझीच आहे. मी तुम्हाला मोजायला न सांगता थेट फोटोंवर हात टाकायला लावला. फोटो डोळ्यांना दिसतात, म्हणून पहिला आळ त्यांच्यावर जातो. गड्डा जत्रेच्या गर्दीत पाकीट गेलं की शेजारी उभ्या असलेल्याकडेच बघतात, तसं. आणि फोटो उडवल्यावर ते जातात कुठे, हे तर मी लिहिलंच नव्हतं. तुमच्या दोन रात्री तिथेच वाया गेल्या.

फाइल मॅनेजरमध्ये 'डिलीट' दाबलं की फाइल पुसली जात नाही. ती तुमच्याच खात्यातल्या ट्रॅश नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते, आणि तिचं वजन तुमच्याच कोट्यात, म्हणजे त्या पाच जीबीत, मोजलं जातं. थेट पुसायची असेल तर डिलीट करताना ट्रॅश वगळायच्या चौकोनात खूण करावी लागते. हे फोल्डर दिसत नाही, कारण त्याच्या नावाआधी टिंब आहे आणि टिंबाने सुरू होणारी नावं सर्व्हर चालवणारा लिनक्स लपवून ठेवतो. फाइल मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय चालू केला की दिसेल.

आता भाच्याचं बघू. मुलगा हुशार आहे, जागा मोजायची डीयू कमांड वापरली हे बरोबरच केलं. पण तुम्ही चिकटवलेल्या ओळीत कमांडच्या शेवटी त्याने चांदणी (*) टाकलीय. चांदणी म्हणजे 'इथलं सगळं' असं आपल्याला वाटतं. पण टिंबवाली नावं ती सोडून देते. म्हणजे नेमका ट्रॅश मोजायचा राहिला. शिवाय वेबसाइटचा डेटाबेस, म्हणजे पानांचा मजकूर आणि सेटिंग्ज साठवायची वही, बहुतेक ठिकाणी तुमच्या होम फोल्डरमध्ये नसतोच. तो सर्व्हरवर मायएसक्यूएल या डेटाबेस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जागेत असतो, पण पुष्कळ होस्टिंगवाले त्याचंही वजन कोट्यात धरतात.

मग मांडा हिशोब. मोबाइलवर काढलेला फोटो साधारण तीन एमबीचा धरला, तर ६१२ फोटोंचे झाले १.८ जीबी. भाच्याच्या २.६ मध्ये ते मिळवले की ४.४. सीपॅनेलच्या ४.८ मधून उरले ०.४, म्हणजे चारशे एमबी. तेवढा डेटाबेस जुन्या वर्डप्रेस साइटचा सहज असतो. तुमचं खातं मी उघडून बघितलेलं नाही, हा अंदाज आहे. पण माझ्या मते इथे होस्टिंगवाला खोटं बोलत नाहीये.

उडवलेले फोटो साइटवर कसे दिसतात? वर्डप्रेस एका फोटोचे अनेक फोटो करतं : १५० पिक्सेलचा चौकोन, ३०० चा, ७६८ चा, १०२४ चा. नोव्हेंबर २०१९ मध्ये ५.३ ही आवृत्ती आली, तेव्हापासून १५३६ आणि २०४८ चेही. शिवाय फोटो २५६० पिक्सेलपेक्षा मोठा असेल तर त्याची लहान केलेली प्रत साइटवर वापरतं आणि मूळ फोटो नुसता शेजारी ठेवून देतं. तुम्ही आकाराप्रमाणे लावून वरचे उडवलेत, म्हणजे तेच नुसते ठेवलेले. पानावर दिसणारी प्रत अजून जागेवरच आहे. फोटो मुळासकट काढायचा असेल तर वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीतून काढा, म्हणजे त्याच्या सगळ्या पिल्लांसकट जातो. ट्रॅश रिकामा करण्याआधी मात्र ते मूळ फोटो कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. पुढे कॅटलॉग छापायला लागतीलच.

साइटच्या फाइली ज्यात असतात त्या पब्लिक एचटीएमएल फोल्डरसमोर फाइल मॅनेजर ४ केबी दाखवतो, म्हणून तुम्ही चिडलायत. तो आकडा फोल्डरच्या नुसत्या यादीचा असतो, आतल्या मालाचा नाही. गोदामाच्या दारावरच्या पाटीचं वजन समजा. आतला माल बघायला सीपॅनेलमध्ये 'डिस्क युसेज' नावाचा वेगळा आयकॉन आहे. तिथे फोल्डर जागेप्रमाणे उतरत्या क्रमाने लावता येतात, बाणावर टिचकी मारत आत जाता येतं. माझ्या लेखाची सुरुवात इथून व्हायला हवी होती.

तुमच्या उरलेल्या २.६ जीबीत काय निघेल सांगता येत नाही, पण मागे एका शेंगाचटणीवाल्यांच्या खात्यात काय निघालं ते सांगतो. तेही फोटोंनाच शिव्या देत होते. फोटो सगळे मिळून तीनशे एमबीसुद्धा नव्हते. एरर लॉग नावाची, चुकांची नोंद ठेवणारी, एकच फाइल १.१ जीबीची होती. मोबाइलवर उघडायला गेलो तर मोबाइलच गार पडला. शेवटून वीस ओळी काढून बघितल्या, तर वीसही ओळी एकच. एका जुन्या प्लगिनची (वर्डप्रेसला वरून जोडलेला भाग) नव्या पीएचपीवर (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) कुरकुर, कोणी पान उघडलं की एक ओळ, गेली दोन वर्षं. फाइल पुसली, पण प्लगिन बदललं नसतं तर पुन्हा भरलीच असती.

त्यांच्याकडे दुसरा चोर होता बॅकअप. आपल्याकडे नळाला पाणी वर्षानुवर्षं काही दिवसांआड आलंय, त्यामुळे दिसेल ते भांडं भरून ठेवायची खोड अंगात मुरलीय. त्यांनी बॅकअपचे दोन प्लगिन लावले होते, वर सीपॅनेलमधूनही एक पूर्ण बॅकअप काढला होता, आणि सगळा माल त्याच खात्यात. घराला आग लागली तर घरातलं पिंपही जळणार ना? बॅकअप बाहेर ठेवा, इथे एखादा पुरे.

मेल मात्र जपून. तुमच्या कारखान्यात बिलांच्या पीडीएफ मेलनेच जातात असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा मेल फोल्डर जाडजूड असणार. सीपॅनेलमध्ये मेलची जागा बघायचं वेगळं पान आहे, तिथून वर्षाच्या वरची मेल एकगठ्ठा काढता येते. पण मोबाइलमध्ये खातं आयमॅपने, म्हणजे सर्व्हरशी जुळवून ठेवणाऱ्या पद्धतीने, जोडलेलं असेल तर सर्व्हरवरून काढलेली मेल मोबाइलमधूनही जाते. जीएसटीची कागदं आधी उतरवून ठेवा, नाहीतर सीए तुम्हालाही विचारेल आणि तुम्ही मला. आणखी एक, 'डिफॉल्ट ॲड्रेस' बघा. तुमच्या डोमेनवर कुणीही कसल्याही खोट्या नावाने मेल टाकली की ती तिथे साठू शकते. चटणीवाल्यांकडे अशी हजारो होती, एकही कामाची नाही. तिथे अशी मेल परत पाठवायचा पर्याय निवडा.

डेटाबेसला आज हात लावू नका. तिथे चुकलात तर साइटच जाईल.

मूळ लेखात उद्या दुरुस्ती करतो, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. तुम्ही आज एवढंच करा : ट्रॅशमधले फोटो उतरवून घ्या, ट्रॅश रिकामा करा, आणि तासाभराने आकडा बघा, कारण काही ठिकाणी तो लगेच बदलत नाही. तीन जीबीच्या आसपास आला तर माझा हिशोब बरोबर. नाही आला तर भाच्याला चांदणी काढून, होम फोल्डरवर एक पातळी खोलवर डीयू चालवायला सांगा आणि सगळ्यात मोठ्या आकड्यांच्या पाच ओळी इथेच खाली टाका. हैदराबादवाल्यांना मात्र आधी फोन करा. त्यांची मेल आपोआप पुन्हा येणार नाही.