गंज गुदमरत नाही

माझा मावसभाऊ गेली सहा वर्षे १९६० च्या दशकातील एक मोटार फावल्या वेळात पुन्हा उभी करतो आहे. इंजिन त्याने स्वतः उतरवून बसवले, वायरिंग स्वतः केले, आणि गेल्या महिन्यात तळ रंगवण्याची वेळ आली तेव्हा सगळीकडे फिरणाऱ्या एका मजकुरावर विश्वास ठेवून दोन डबे डांबरी कोटिंग थेट गंजावर फासले. "दादा, त्यात सगळं सविस्तर दिलंय," असे वर मलाच ऐकवले. तोच मजकूर मला त्याआधी चार जणांनी पाठवला होता आणि चारही वेळा मी तो हसून सोडून दिला होता. तेव्हाच उत्तर लिहिले असते, तर निदान त्याचा एक महिना वाचला असता.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: जुन्या गाडीच्या तळाचा गंज खरवडत बसू नये, त्यावरच जाड काळे कोटिंग द्यावे, म्हणजे हवा तुटते आणि गंज गुदमरून मरतो, प्रायमरची गरज नाही, पाणी शिरू नये म्हणून तळाची भोके बुजवावीत, दरवर्षी जळके इंजिन ऑइल डिझेलमध्ये कालवून फवारावे, आणि एवढे केले की तळाकडे जन्मभर पाहावे लागत नाही.

गंज गुदमरतो हे वाक्य ज्याने प्रथम लिहिले, त्याने गंजाला फुप्फुसे असल्याचे गृहीत धरलेले दिसते. या कल्पनेचे उत्तर केंब्रिजचे गंजाचे अभ्यासक यूलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकातच देऊन ठेवले आहे, आणि तेही मिठाच्या पाण्याच्या एका थेंबाने. घासून स्वच्छ केलेल्या पोलादी पत्र्यावर तो थेंब ठेवायचा. त्यात दोन सूचक द्रव्ये असतात: जिथे लोखंड विरघळते तिथे एक निळे होते, आणि जिथे ऑक्सिजन खर्च होऊन पाणी अल्कधर्मी बनते तिथे दुसरे गुलाबी होते. थेंबाच्या कडेला हवा सहज पोहोचते, मध्यभागी ती मुश्किलीने झिरपते. मजकुराचा तर्क खरा असता, तर कड खाल्ली गेली असती आणि मध्य सुरक्षित राहिला असता. प्रत्यक्षात कडेने गुलाबी वलय उमटते, निळा डाग मधोमध पडतो आणि तपकिरी गंज दोहोंच्या मधल्या पट्ट्यात साचतो. म्हणजे पत्रा झिजतो तो हवा कमी मिळणाऱ्या जागी, आणि आपल्याला दिसणारा गंज भलतीकडेच गोळा होतो.

आता हाच थेंब डांबराच्या थराखाली आहे अशी कल्पना करावी. डांबर वर्षागणिक कडक होते, चाकांनी उडवलेल्या खड्यांनी तडकते, जोडांच्या कडेला सुटते आणि तिथून पाणी आत ओढले जाते. तड्याजवळ हवा असते, आतल्या बाजूला नसते, आणि झीज आतल्या बाजूलाच सुरू होते. त्यातच जुना गंज स्पंजासारखा सच्छिद्र असल्यामुळे पाणी आणि क्षार तो आधीच धरून बसलेला असतो. रंगाचा थर हवाबंद असतो ही समजूतही खरी नाही. केंब्रिजचेच संशोधक मेन यांनी दाखवून दिले होते की साध्या रंगाच्या थरातून गंजायला पुरेल इतके पाणी आणि ऑक्सिजन आरपार जातात, आणि रंग पोलादाला वाचवतो तो मुख्यतः क्षारांच्या आयनांची वाट अडवून. क्षार खालीच कोंडल्यावर अडवायचे कोणाला?

माझ्या स्वतःच्या गाडीवर आधीच्या मालकाने हाच उद्योग केलेला होता. मागच्या चाकाच्या कमानीपाशी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक घालताच तळहाताएवढा पापुद्रा सलग सुटून हातात आला. त्याची बाहेरची बाजू काळीभोर आणि धडधाकट होती, आतल्या बाजूला गंजाचा ओलसर थर चिकटलेला होता, आणि पत्र्याच्या जागी जाळी उरली होती. गाडी तीन आठवडे जागची हललेली नव्हती.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. पातळ आणि घट्ट बसलेल्या गंजावर टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्लाची द्रावणे काम करतात, आणि हवेतील ओलाव्याने पक्के होणारे काही पॉलियुरेथेन रंग अशा गंजाला चांगले धरतात. पण त्याआधी सुटे पोपडे वायर ब्रशने काढावे लागतात, क्षार धुवावे लागतात आणि पत्रा पूर्ण वाळवावा लागतो. खरवडणे कुठेच टळत नाही.

प्रायमर नको म्हणणाऱ्याला एवढेच सांगतो की पत्र्याला चिकटून बसण्याचे काम एपॉक्सी प्रायमर करतो, वरचे जाड कोटिंग फक्त खड्यांचा मार सोसते.

जळक्या ऑइलमागेही अर्धे सत्य आहे, कारण तेलकट थर पाणी दूर ठेवतो आणि मेण किंवा लॅनोलिनची (लोकरीतल्या चरबीची) कोटिंगे याच तत्त्वावर चालतात. पण इंजिनातून काढलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्ले, पाणी आणि काजळी असते, शिवाय कर्करोगकारक बहुचक्रीय हायड्रोकार्बनेही असतात, आणि मजकूर तुम्हाला त्याची फवारणी गाडीखाली निजून, तोंडावर करायला सांगतो. जुन्या गाड्यांचे सांध्यांतले नैसर्गिक रबराचे बुश खनिज तेलाने फुगून मऊ पडतात. ब्रेकच्या डिस्कवर चार थेंब उडाले तरी पुढच्या वळणावर कळते. डिझेलचे तुषार तापलेल्या सायलेन्सरजवळ काय करू शकतात, ते लिहायची गरज नसावी.

जन्मभराच्या हमीवर वेळ घालवत नाही. दरवर्षी फवारा आणि जन्मभर पाहू नका, ही दोन्ही वाक्ये एकाच मजकुरात आहेत.

भोकांचा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण सर्वाधिक नुकसान त्यानेच होते. दाराच्या काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या पोकळीत उतरतेच, आणि ते खालून निघून जावे म्हणूनच कारखान्याने तिथे भोके ठेवलेली असतात. दारांखालच्या सिलमध्येही, म्हणजे उंबऱ्याच्या पोकळ पट्टीतही, दमट हवेचे पाणी होते. स्वतंत्र चासी (खालचा सांगाडा) नसलेल्या गाडीत हे सिल बॉडीचा भार पेलतात आणि ते आतून बाहेर कुजतात, म्हणून बाहेरचा रंग चकचकीत असतानाच जॅक पत्र्यात घुसतो. भोके मोकळी ठेवून आत नळीने पातळ कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत सोडायचे मेण) सोडावे, ते जोडांमध्ये झिरपते.

मावसभावाची गाडी आम्ही रविवारी पुन्हा उचलून लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) घेतली. कोटिंगपूर्वी त्याने तळ पाइपने स्वच्छ धुतला होता आणि दुसऱ्याच दिवशी, मजकुरात लिहिल्याप्रमाणे, भोकांत सीलर भरला होता. डाव्या सिलचे पहिले भोक तारेने मोकळे केले, तेव्हा पेलाभर विटकरी पाणी त्याच्या बाहीवर आले. उजवी बाजू अजून उघडायची आहे.