‘मुलीचा बाप’ यांस

‘देवळातल्या लग्नाला एक फोटोग्राफर आणि सहा तास पुरे’ या माझ्या लेखावर तुम्ही चांगली लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. रात्री वाचली, सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली. एका फोटोग्राफरने भागत नाही, माणसं आणि तास जास्तच हवेत, फोटो तीन हजार निघाले तरी चालतील, असं तुमचं म्हणणं. त्यात मुद्दे आहेत, नाही असं नाही. पण मध्येच हे वाक्य आहे: ‘ज्यांना दुसऱ्याच्या आनंदाची किंमत कळत नाही, त्यांनी कव्हरेजचे हिशेब शिकवू नयेत.’

हा मुद्दा की टोमणा?

सतरा वर्षं मी लग्नांचे फोटो काढते आहे. गोव्यातली म्हार्दोळ, मंगेशी, कवळे इथली देवळं, आणि कुठकुठली घरची अंगणं. मे महिन्यात सभागृहात पंखे असून नसल्यासारखे असतात, व्ह्यूफाइंडरवर घामाचे थेंब पडतात. अंतरपाट सरकतो त्या क्षणी अक्षता उडतात आणि फोकस नवरीचा चेहरा सोडून हवेतल्या तांदळावर जाऊन बसतो. दुसरी संधी नसते. भटजी काही माझ्यासाठी पाट परत धरणार नाहीत! त्या एका फोटोसाठी मी मुहूर्ताआधी वीस मिनिटं जागा धरून उभी राहते, तहान लागली तरी हलत नाही. आणि आनंदाची किंमत म्हणे मला कळत नाही. बरं.

बाकी तुम्ही नाव न लिहिता मला उपदेश केलात, तेही चालवून घेतलं. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना उलट बोलत नाहीत, पण वडीलधाऱ्यांनीही थोडं जपून बोलावं.

एक मान्य करते. सिव्हिल रजिस्ट्रारकडची दुसरी सही (पहिली लग्नाचा इरादा नोंदवायची, दुसरी तो पक्का करायची) मी लेखातल्या कामांच्या यादीत धरली नव्हती. गोव्यात कायद्याने लग्न त्या सहीने लागतं, देवळात नंतर, आणि ऑफिसबाहेर हार घालून दोघं उभी असतात तो फोटो घरात कुणीतरी मोबाइलवर काढतं आणि मग तो कुणाकडेच सापडत नाही. तासाभराचं काम, धरायला हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे, तुमचा उल्लेखही केला आहे.

आता हिशेबाचं. माझ्या आईवडलांचं लग्न 1978 साली डिचोलीला घरच्या मांडवात झालं. फोटोग्राफर एक, १२० चे रोल दोन, रोलला बारा फोटो, म्हणजे सगळं लग्न चोवीस फोटोंत. त्यातले चार हललेले. काळ्या कागदाचा अल्बम, मधे बटरपेपर, कोपऱ्यांत खाचा. आजही चतुर्थीला तो खाली काढला की तासभर कुणी उठत नाही. पंगतीत भात वाढणारा तो हात कुणाचा, यावर दोन काकांत दरवर्षी वाद होतो. तुमच्या तीन हजार फोटोंवर कुणी वाद घालतं का? बघतं तरी का?

माझ्या लग्नालाही मी एकच फोटोग्राफर ठेवला, स्वतः धंद्यात असून. एकशेचाळीस फोटो निवडले, पश्चात्ताप नाही. हां, मुहूर्ताच्या फोटोंत आई नाही. आमच्याकडे मंगलाष्टकं चालू असताना मुलीची आई तुळशीला पाणी घालते, ती मागच्या अंगणात होती आणि फोटोग्राफर अर्थात मांडवात. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, असं मावशी सांगते. पण ते रूढीचं झालं, त्याचा फोटोग्राफर किती याच्याशी संबंध नाही.

‘मुलगी पाटावर, आई तुळशीजवळ, एक माणूस दोन्हीकडे कसा पुरणार’ असं तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर वरच आलं. ड्रोनबद्दल: दाबोळीला नौदलाचा विमानतळ आहे, त्याच्या आसपास परवानगीशिवाय उडवून बघा, मग बोलू. अल्बमचा कागद, व्हिडिओ, पावसाची सोय, हे विषय वेगळे आहेत. ‘फोटोग्राफर स्वतःच कमी तास सांगते म्हणजे काम टाळते’ यावर मी काही लिहीत नाही. लिहायला घेतलं तर भाषा सुटेल.

तुमच्या मुलीच्या लग्नाला तीन फोटोग्राफर होते म्हणता. फोटो छान आले असतील. यायलाच हवेत.