‘आरती’ म्हणणाऱ्या वाचकास

तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली, दुपारी पुन्हा वाचली. बाकीच्यांसाठी ती इथेच देतो: “स्टेफी ग्राफवरचा हा लेख म्हणजे टेनिस न कळणाऱ्या भक्ताने म्हटलेली आरती. सेलेसला चाकू लागला नसता तर 22 ग्रँड स्लॅम आली असती का? बापाच्या करचुकवेगिरीवर अवाक्षर नाही. आणि काका, हल्ला बर्लिनला नाही, हॅम्बर्गला झाला.”

शेवटचं आधी. स्टेफीची प्रतिस्पर्धी मोनिका सेलेस हिच्यावर स्टेफीच्याच एका चाहत्याने भर सामन्यात चाकू चालवला, तो हॅम्बर्गलाच. चूक माझी, दुरुस्त केली आहे. आभार.

आता आरती. ‘टेनिस न कळणाऱ्या’ म्हणजे काय हो? आमच्या गावच्या क्लबात मातीच्या कोर्टवर मी चार उन्हाळे चेंडू गोळा केलेत. सभासदांची मुलं खेळायची, आम्ही पळायचो. अंधार पडायला आला की माळीमामा दहा मिनिटं जुनी रॅकेट हातात द्यायचे. तेवढ्यात स्टेफीसारखा कापून मारलेला बॅकहँड जमतो का बघायचो. चेंडू जाळीत. रोज जाळीत. तो फटका किती अवघड आहे हे मला असं कळलंय. तुम्हाला हायलाइट्स बघून कळत असेल, तर नशीबवान आहात.

2 जुलै 1988 ला शेजाऱ्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता. सलग सहा वर्षं विम्बल्डन जिंकलेली मार्टिना नवरातिलोव्हा समोर, स्टेफी 5-7, 0-2 अशी मागे, आणि आमच्याकडे लाइट गेली! परत आली तेव्हा विजेतीचं ते चांदीचं ताट स्टेफीच्या हातात. मधल्या 13 पैकी 12 गेम तिने घेतले होते. ते मी पाहिले नाहीत, कबूल. पण त्या अंधारात आम्ही ज्या शपथा घातल्या त्या यूट्यूबवर मिळायच्या नाहीत.

शिवाय आरतीत कोणी देवाचा पराभव सांगतं का? 1992 च्या फ्रेंच फायनलला सेलेसने तिला तिसऱ्या सेटमध्ये 10-8 असं हरवलं, हे माझ्या लेखात स्वच्छ लिहिलंय. तिथवर पोचला नसाल. हल्ली लोक शीर्षक वाचून उत्तर लिहायला बसतात.

चाकूचं म्हणाल, तर हल्ल्याच्या दिवशी, 30 एप्रिल 1993 ला, स्टेफीची 11 ग्रँड स्लॅम विजेतेपदं होती, सेलेसची 8. सेलेस परतेपर्यंतच्या सव्वादोन वर्षांत स्टेफीने आणखी 6 जिंकली. ती हवी तर खोडा. नंतरच्या 5 चं काय करता? त्यातल्या 1995 आणि 1996 च्या यूएस ओपन फायनलला समोर सेलेसच होती. परत आलेली सेलेस पहिल्यासारखी नव्हती, असं म्हणाल. म्हणा. हल्ल्याआधीची दोन वर्षं ती वरचढ होती हे मलाही ठाऊक आहे, पण तो वेगळा विषय.

पीटर ग्राफला 1997 मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. लेख मुलीच्या टेनिसवर होता. पुढे.

राहिलं ‘काका’. माझे सख्खे पुतणे मला काका म्हणतात, आणि या भाषेत बोलत नाहीत. पुढची प्रतिक्रिया जरूर पाठवा. ठेवायची की उडवायची ते मी बघेन.