याद

माझं अक्षर बरं म्हणून घरातल्या लग्नांची याद लिहायचं काम माझ्याकडे येतं. मागच्या बैठकीत तासभर लिहीत होतो. मानपान किती, कार्यालय कोणाकडे, वऱ्हाडाच्या गाड्या कोणाच्या. सोन्याचा विषय निघाला तसे मुलाचे काका हसून म्हणाले, "हे नका लिहू. आमची काही अपेक्षा नाही, तुमच्या मुलीला काय घालायचं ते घाला." मी पेन उचललं. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही.

गंमत म्हणजे कायद्याला नेमकं तेच लिहिलेलं हवंय. न मागता दिलेल्या भेटी हुंडा ठरत नाहीत, पण त्यांची यादी पाहिजे, असे १९८५ चे नियम आहेत. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, खाली वधूवरांच्या सह्या. अशी यादी मी आजवर एकाही लग्नात पाहिलेली नाही. हुंडा १९६१ पासून बंद आहे म्हणे!

मग पोरगी दिवाळीला माहेरी येते आणि परत जायचं नाव काढत नाही. गाडीला पैसे मागतात, हात उचलतात. आपण काय करतो? दोन जाणती माणसं मध्ये घालतो, मिटवतो आणि तिला नांदायला धाडतो. तक्रार नाही, कागद नाही.

आणि एक दिवस फोन येतो.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत भाजून किंवा संशयास्पद मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८० आहे, म्हणजे जुन्या दंड संहितेचं ३०४ब. शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. कोर्ट हुंडाबळी गृहीत धरतं, खोडून काढायचं ते सासरच्यांनी. पण त्याआधी, मरणाच्या अलीकडच्या काळात हुंड्यापायी छळ झाला होता, हे दाखवावं लागतं. तिथे बचावाचा वकील विचारतो, इतका छळ होता तर तुम्हीच तिला परत का पाठवलंत? आपण मिटवलेलं प्रकरण असं त्यांच्या कामी येतं.

आता "४९८अ चा गैरवापर" म्हणणारे येतीलच. ४९८अ म्हणजे नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं जुनं कलम. खोट्या तक्रारी होतात, मान्य. म्हणून तर २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टानं सरसकट अटकेला चाप लावला. कलम मात्र ठेवलं, आज ते न्याय संहितेच्या ८५ व्या कलमात आहे. आणि सरकारी नोंदीतच वर्षाला सहा हजारांवर हुंडाबळी आहेत.

पुढच्या महिन्यात भाचीची बैठक आहे. मी दोन कोरे कागद नेणार आहे, दुसरा त्या यादीसाठी. ताईला अजून बोललेलो नाही. "उगाच वातावरण बिघडवू नकोस," असंच म्हणेल ती.