तुर्तुकला जाताय? मग बॉर्डर शेवटी बघा

लडाखमधल्या, पाकिस्तानच्या हद्दीजवळच्या तुर्तुक गावाचे फोटो टाकल्यापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय, "बॉर्डर दिसते का?" दिसते. पुढच्या थांग गावातून दुर्बिणीनं पलीकडची चौकी बघायची, व्हिडिओ काढायचा की परत गाडीत. नुब्रा खोऱ्यातल्या हुंदरहून सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्यांचं तुर्तुक एवढंच. मला हे पटत नाही.

डिसेंबर १९७१ पर्यंत तुर्तुक, त्याक्षी, चालुंका आणि थांग ही चार गावं पाकिस्तानच्या ताब्यात होती. मेजर चेवांग रिंचेन यांच्या तुकडीनं ऐन थंडीत ती घेतली. हे रिंचेन नुब्राचेच. १९४८ मध्ये एक महावीरचक्र मिळालेलं, ७१ मध्ये दुसरं. त्यांच्याबद्दल जरूर वाचून जा. पण त्याच लढाईच्या वेळी ज्यांचा भाऊ कामासाठी स्कार्दूकडे (आता हद्दीपलीकडे) गेला होता, त्यांचा तो भाऊ तिकडेच राहिला. इथली माणसं घर न सोडता दुसऱ्या देशात आली.

आमच्या होमस्टेचे आजोबा अंगणात जर्दाळूच्या बिया फोडत बसले होते. आमच्यातल्या एकानं विचारलंच, "चाचा, आपको इंडिया अच्छा लगता है या उधर?" आजोबांनी त्याच्याकडे बघितलं, मूठभर बिया त्याच्या हातात दिल्या आणि फोडायचा दगड पुढे सरकवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या घरी येऊन कुणी हे विचारलं तर आपण चहा तरी देऊ का?

पर्यटकांसाठी हा भाग २०१० मध्ये खुला झाला. म्हणजे आपल्यासारख्यांना सहन करायची सवयही तशी नवीच.

राहिलात तर बघण्यासारखं भरपूर आहे. लाकडी पूल ओलांडून तुर्तुकच्याच फारोल भागात जा, कुट्टूची शेतं तिथे आहेत. दगडी कोठ्या दाखवायला सांगा. दगडांच्या फटींतून थंडगार वारा खेळतो आणि लोणी, मांस उन्हाळ्यातही टिकतं, विजेशिवाय! जुलैत गेलात तर झाडाखालचे जर्दाळू खा, पण विचारून. खाली श्योक नदी, राखाडी आणि धडधडणारी, पुढे पाकिस्तानात जाऊन सिंधूला मिळते. (नदीला व्हिसा लागत नाही वगैरे लिहायचा मोह आवरलाय.)

आणि हो, बायकांचे फोटो न विचारता काढू नका. आमच्याच ग्रुपमधल्या एकाला दोनदा सांगावं लागलं.