‘गार्बल’ करण्याची सोपी पद्धत

वाचकहो, एखाद्या माणसाचे म्हणणे पार उलटे करून गावभर पोहोचवायचे असेल, तर खोटे बोलण्याच्या भानगडीत मुळीच पडू नका. खोटे रचायला डोके लागते, रचलेले लक्षात ठेवावे लागते आणि कधी ना कधी ते अंगाशी येते. त्याऐवजी ‘गार्बल’ हे इंग्रजी क्रियापद आत्मसात करा. त्याचा अर्थ मला फार पूर्वीपासून ठाऊक होता. प्रचिती मात्र गेल्या महिन्यात आली.

आमच्या गावच्या वाचनालयात मराठी शाळांविषयी मी ४२ मिनिटे बोललो. त्यात एक वाक्य होते: ‘मराठीची काळजी करण्याचे काहीही कारण नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा आपल्या तालुक्यातील शाळांची पटसंख्या पाहावी.’ पहिल्या रांगेत बसलेल्या एका तरुणाने या भाषणाची १९ सेकंदांची चित्रफीत केली आणि ती ‘कारण नाही’ या शब्दांवर संपवली. दिवेलागणीपर्यंत मी मराठीद्रोही ठरलो होतो. रात्री नाशिकहून मेहुण्यांचा फोन आला, ‘हे तुम्ही बोललात?’ बोललो होतो, हीच तर पंचाईत. दुसऱ्या दिवशी त्या तरुणाला विचारले, तेव्हा तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, ‘सर, मेसेज थोडा गार्बल झाला असेल.’

यातून पहिला धडा घ्या: ‘झाला’ म्हणावे, ‘केला’ कधीही म्हणू नये. पाऊस झाला, उशीर झाला, तसा मेसेज गार्बल झाला.

या शब्दाची कुळकथा मात्र त्या बिचाऱ्याला ठाऊक नसावी, नाहीतर त्याने तो इतक्या प्रामाणिकपणे वापरला नसता. आज ‘गार्बल्ड’ म्हटले की फोनवरची खरखर किंवा तुटक, न कळणारा मजकूर एवढेच आपल्याला आठवते. मुळात हा शब्द चाळणीचा आहे. अरबीत ‘घिरबाल’ म्हणजे चाळणी. तेथून तो इटालियनमार्गे इंग्रजीत गेला आणि मसाल्यांच्या व्यापारात रुजला. पूर्वेकडून गेलेल्या मिरी-लवंगांत काड्या, देठ आणि माती असे, ती चाळून काढणे म्हणजे गार्बल करणे. लंडनमध्ये त्यासाठी खास अधिकारी नेमलेला असे आणि दुकानांत, वखारींत शिरून माल तपासण्याचा त्याला अधिकार होता. म्हणजे ‘गार्बल’ केलेली मिरी ही स्वच्छ मिरी होती! पुढे सतराव्या शतकात हीच चाळणी लोकांनी दुसऱ्याच्या मजकुराला लावली. सोयीचे तेवढे ठेवायचे, गैरसोयीचे गाळायचे आणि उरलेले त्या माणसाच्या नावावर खपवायचे, असा अर्थ त्याला चिकटला. ‘डिस्टॉर्ट’ हा त्याचा भाऊबंद लॅटिनमधल्या पिळण्याच्या क्रियापदापासून आला. ‘टॉर्चर’ही त्याच घरातला. पण पिळलेल्या कापडावर चुण्या राहतात. चाळणाऱ्याच्या मागे काहीच खूण राहत नाही.

म्हणून दुसरा सल्ला असा की, ‘ध’चा ‘मा’ करण्याचा जुनाट मार्ग सोडा. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा ‘धरावे’चे ‘मारावे’ केले गेले अशी आख्यायिका आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. ती खरी धरली, तर त्यासाठी लेखणी लागली, अक्षर बदलावे लागले आणि बदनामी अडीचशे वर्षे टिकली. तुम्ही एकाही अक्षराला हात लावू नका. कोणी जाब विचारलाच, तर ‘शब्द तुमचेच आहेत ना?’ एवढे म्हणावे. समोरचा गप्प होतो. मी झालो.

भाषा मात्र नीट निवडा, आणि या कामी आपल्या मायबोलीइतकी सोयीची भाषा नाही. मराठीत क्रियापद शेवटी येते, नकार त्याला चिकटून येतो, आणि ‘असे म्हणणे हा शुद्ध मूर्खपणा आहे’ हे तर सर्वांच्या मागून, वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांसारखे सावकाश येते. इंग्रजीत ‘ज्यांना असे वाटते’ हा भाग बहुधा आरंभीच येतो, त्यामुळे तिथे वाक्याचे डोके उडवावे लागते. मराठीत नुसती शेपटी कापली की काम होते. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे मांडून मग ते खोडण्याची जी आपली पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची थोर परंपरा आहे, तिच्यात वक्ता स्वतःच विरोधकाचे वाक्य स्पष्ट उच्चारांत, उत्तम आवाजात म्हणून देतो. तुम्ही फक्त उत्तरपक्ष सुरू होण्यापूर्वी बोट ठेवायचे. म्हणजे आता बोलताना माणसाने काय करावे? प्रत्येक उपवाक्याला ‘हे माझे मत नव्हे’ अशी पाटी लावावी? शाळेत वाक्यपृथक्करण शिकवणारे मास्तर आम्हांला पूर्ण वाक्य संपेपर्यंत पेन्सिल उचलू देत नसत, आणि इथे पहिल्या रांगेत बसून पूर्ण वाक्य ऐकलेला, कळलेला माणूस ते कळल्यामुळेच नेमके कुठे कापायचे हे ओळखतो!

मोठ्यांचा दाखला हवा असेल, तर प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याचा घ्या: आपल्या राजाची फ्रेंच राजदूताशी काय बोलणी झाली हे कळवणाऱ्या, जुलै १८७० मध्ये एम्स गावाहून आलेल्या तारेत त्याने प्रामुख्याने काटछाटच केली, ती वृत्तपत्रांना दिली आणि आठवड्याच्या आत फ्रान्सने युद्ध पुकारले.

तारीख काढून टाका.

तीन टिंबांवर श्रद्धा ठेवा.

खाली ‘जसे आले तसे पाठवले’ असे लिहायला विसरू नका. पाप पुढे जाते, आपण मागे राहतो.

आता त्या तरुणाला सरळच सांगतो. बाळा, गार्बल झाला नाही, तू केलास. आवाज स्वच्छ आहे, पंख्याची घरघरसुद्धा ऐकू येत नाही. तुझ्या चित्रफितीच्या शेवटी माझे बोट वर आहे आणि तोंड ‘असे’मधल्या ‘अ’साठी उघडलेले आहे, तिथे तू कात्री चालवलीस आणि वर ती चूक यंत्राच्या माथी मारतोस, याची तुला लाज वाटायला हवी. आणि ज्यांनी ती पुढे पाठवली, त्यांत माझे तीस वर्षांचे स्नेही आहेत. तुम्हांला माझा फोन नंबर पाठ आहे. उघड्या तोंडाचा माणूस पाहून पुढे काय बोलला असेल, हे विचारावेसे तुमच्यापैकी एकालाही वाटले नाही? पूर्ण ४२ मिनिटांचे ध्वनिमुद्रण वाचनालयाच्या टेबलाच्या खणात पेनड्राइव्हवर ठेवलेले आहे. काल ग्रंथपालांना विचारले. अजून कोणीही मागितलेले नाही.